आमच्या भिंतीवरचं महापरिनिर्वाण

सिंगापूरला, बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या भिंतीला एकच खिळा होता. घर भाड्याचं. नवीन भोकं पाडायची नाहीत, असं मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आणि बाबा दिलेला शब्द पाळणारे. त्यामुळे त्या एका खिळ्यावर काय टांगायचं, हा आमच्या तिघांच्या संसारातला मोठा प्रश्न होता. आईला तिथे घड्याळ हवं होतं. मला एका गाणाऱ्या पोराचं पोस्टर हवं होतं, त्याचं नाव आता सांगायलाही लाज वाटते. बाबा म्हणायचे, मिळेल काहीतरी योग्य, घाई काय आहे. दोन वर्षं तो खिळा तसाच रिकामा राहिला. येणारा-जाणारा त्याच्याकडे बघून विचारायचा, इथलं काय काढलंत?

घर नवव्या मजल्यावर. लिफ्ट पहिल्या, सहाव्या आणि अकराव्या मजल्यावरच थांबायची, म्हणून आम्ही सहाव्यावरून तीन जिने चढण्याऐवजी अकराव्यावर जाऊन दोन उतरायचो; भाजीच्या पिशव्या घेऊन चढण्यापेक्षा उतरणं बरं, हा आईचा दंडक. सकाळी शेजारच्या आंटीच्या कढईचा चर्र आवाज यायचा, मग खालून भंगारवाल्याचा भोंगा, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बांबूवर वाळत घातलेल्या कपड्यांची वाऱ्यावर फडफड. सुकट मिळायची नाही म्हणून आई इकन बिलिस नावाची वाळवलेली बारीक मासळी आणायची आणि लसूण-मिरचीवर परतायची. तिचा वास पॅसेजभर फिरायचा. आंटी दारात येऊन म्हणायची, ‘वा, सो स्मेली, सो नाइस! टुडे कुक व्हॉट?’ आणि आई मराठीतच सांगायची, ‘चटणी आहे, थांबा, देते.’ दोघींचं वर्षानुवर्षं असंच चाललं. मला मात्र घरात मराठी बोलायची सक्ती होती आणि मी जमेल तेव्हा ती मोडायचे.

बाबा मूळचे खडकीचे. माझ्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव टोपलीत भरून मुळा नदीत सोडले होते. तेव्हा बाबा सहा वर्षांचे होते आणि टोपलीचं एक टोक त्यांनी धरलं होतं. ही गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली, की ती टोपली मीच धरली होती असं मला कधीकधी वाटतं. त्यामुळे हात जोडण्याच्या बाबतीत ते फार काटेकोर. कुणापुढे जोडले आणि का, हे माणसाला सांगता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. बाकी माणूस साधा, कामात बुडालेला. एका जपानी कंपनीच्या बेअरिंगच्या कारखान्यात ते इंजिनीअर होते, आणि त्यांचे साहेब होते ओनिशी-सान. डबा खाताना ओनिशी-सानना दोनच विषय सुचत, बेअरिंगची झीज आणि काबुकी. काबुकी म्हणजे त्यांच्याकडचं जुनं नाटक, चेहरा रंगवून करतात ते. बाबांनी ते कधी पाहिलं नव्हतं, पण नऊ वर्षं जेवताना ऐकलं होतं.

ओनिशी-सान निवृत्त होऊन जपानला परत जायला निघाले तेव्हा त्यांनी बाबांना पुठ्ठ्याची एक नळी दिली. त्यांचं इंग्रजी तोकडं. ‘कांबळे-सान, यू बुद्धिस्ट. प्लीज,’ एवढंच म्हणाले आणि कमरेत वाकले. घरी आल्यावर बाबांनी हात धुतले, जेवणाचं टेबल पुसून घेतलं आणि नळीतून एक कागद बाहेर काढला. जुना जाडसर कागद, कडा पिवळट झालेल्या. त्यावर लाकडी ठशांनी छापलेलं रंगीत चित्र. मधोमध एक माणूस उजव्या कुशीवर निजलेला, डोळे मिटलेले, अंगावर फिकट निळं वस्त्र. वर झाडं. भोवती पंधरा-वीस माणसं रडताहेत, बहुतेक बायका. कुणी तोंडाशी बाही धरली आहे, कुणी जमिनीवर कोसळली आहे. एका कोपऱ्यात मांजरसुद्धा बसलं आहे. बाबांनी कागदाच्या कडा तळहातांनी सपाट केल्या. मग म्हणाले, ‘महापरिनिर्वाण.’

खिळ्याचा प्रश्न सुटला. सेरंगूनच्या एका फ्रेमवाल्याकडून काच बसवून आणली आणि चित्र भिंतीवर गेलं. आईने एक शंका काढली, की बुद्धांच्या डोक्याचा पुढचा भाग असा हजामत केल्यासारखा आणि मागे शेंडीची गाठ कशी? बाबांकडे उत्तर तयार होतं. ती गाठ म्हणजे उष्णीष, बुद्धांच्या माथ्यावर असतो तो उंचवटा. आणि जपानी माणूस बुद्ध काढणार तो जपान्यासारखाच काढणार, चिनी लोक नाही का ढेरपोट्या काढत? बायकांच्या केसांत एवढे काटे कसे, यावर ते म्हणाले, वैशालीच्या असतील, श्रीमंत गाव होतं. मांजराबद्दल म्हणाले, करुणा सगळ्या प्राण्यांवर. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी चित्राखालच्या लाकडी कपाटावर मेणबत्ती लागायची आणि आम्ही तिघं त्रिसरण-पंचशील म्हणायचो. मला तेव्हा ते कंटाळवाणं वाटायचं. आता बाबा नाहीत आणि मला त्यांच्या आवाजातली त्याची चाल आठवायला प्रयत्न करावा लागतो.

शाळेत तिसरी भाषा म्हणून मला चार वर्षांपासून जपानी होती. आठवड्यातून दोन दुपारी आम्ही वेगळ्या केंद्रात शिकायला जायचो. साठीच्या फुजीमोरी सेन्सेई, म्हणजे फुजीमोरी बाई, शिकवायच्या. पाठ बारीक वाकलेली, वहीवर लाल पेन्सिल, चूक दिसली की जिभेने चक् असा आवाज. मी बरी विद्यार्थिनी होते, म्हणजे अतिशय फाजील. चार अक्षरं यायला लागली तशी मी दिसेल ते वाचत सुटले, सोया सॉसच्या बाटल्या, कॅल्क्युलेटरचे खोके, आणि एका शनिवारी आमच्या भिंतीवरचं चित्र. त्याच्या वरच्या कोपऱ्यात उभ्या ओळी होत्या. बरीचशी अक्षरं वळणदार, मला न येणारी. पण आकडे पहिल्या आठवड्यातच शिकवतात. मला तीस वाचता आलं, पुढे आठ, आणि त्याच्याआधी वयाशी जोडलेली दोन अक्षरं, जी मी थडग्याच्या धड्यात पाहिली होती. अडतिसाव्या वर्षी मरण. बुद्धांचं आयुष्य ऐंशी वर्षांचं, हे आमच्या घरातल्या पालींनासुद्धा पाठ असेल.

मी सगळी अक्षरं वहीत उतरवली, खाली चित्राचा ओबडधोबड नमुना काढला आणि सेन्सेईंना दाखवला. त्यांनी चष्मा वर सरकवला, वाचलं, आणि विचारलं, ‘हे तुमच्याकडे कुठून आलं?’ मी सांगितलं. त्यापुढे रोज मेणबत्ती लावतो, हेही सांगितलं. त्या हसल्या. तोंडावर हात धरून, आवाज न करता, पण खांदे हलेपर्यंत हसल्या. आयुष्यात माझ्यावर पुष्कळ जण हसले आहेत, पण ते हसू मला जेवढं लागलं तेवढं दुसरं कुठलंच नाही, कारण ते माझ्यावर नव्हतं, बाबांवर होतं. मग त्यांच्या लक्षात आलं. पुढच्या तासाला त्यांनी एक जाडजूड पुस्तक आणलं आणि सगळे गेल्यावर मला थांबवून पानं उलटली. चित्रातला निजलेला माणूस काबुकीचा एक नट होता. लाडका नट मेला की चार-आठ दिवसांत चित्रकार चित्र काढायचा, कोरणारा चेरीच्या फळ्यांवर एकेका रंगाचा वेगळा ठसा कोरायचा, छापणारा ते कागदावर एकावर एक उतरवायचा, आणि रस्तोरस्ती विक्री व्हायची. चित्रावर नाव, वय, कुठल्या देवळात पुरलं ते. काही चित्रांत नट परलोकाच्या वाटेवर चालताना दिसतो, आणि काहींत तो बुद्धासारखा निजतो नि त्याच्या नाटकाला जाणाऱ्या बायका शिष्यांच्या जागी बसून रडतात.

‘ही थट्टा नाही का?’ मी विचारलं. ‘थोडी थट्टा. बरंचसं रडणं,’ त्या म्हणाल्या. मला ते पटलं नाही. सतरा वर्षांच्या मुलीला एका कागदावर दोन गोष्टी मावत नाहीत.

घरी येऊन मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. ती भेंडी चिरत होती. सगळं ऐकून तिने विळी आडवी केली आणि दाराकडे पाहिलं. वैशाख पौर्णिमा तेरा दिवसांवर होती. इथे त्या दिवशी सुट्टी असते, आणि त्या वर्षी आमच्याकडची पाळी होती. अकरा मराठी बौद्ध कुटुंबं आमच्याच हॉलमध्ये वंदनेला यायची होती. बाबांनी प्रत्येकाला फोन करून चित्राचं सांगितलेलं. ‘सांगू का त्यांना?’ मी विचारलं. ‘आत्ता नको,’ आई म्हणाली. ‘पौर्णिमा होऊ दे. तोंडघशी पडतील गं.’ ‘पण आई, फिल्मस्टारला कँडल लावल्यासारखं आहे, सो शेमफुल लाह!’ ‘तुझं ते इथल्या पोरांसारखं लाह-लाह बाहेर ठेव,’ ती म्हणाली आणि पुन्हा भेंडीकडे वळली. मला तेव्हा वाटलं की आईला काही फरक पडलेला नाही. तिने त्या दिवशी भाजीत दोनदा मीठ घातलं, हे मात्र मला आठवतं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बाबा कारखान्यातून आले ते उड्या मारतच. ओनिशी-सान जुन्या कंपनीच्या कामासाठी चार दिवस सिंगापूरला आले होते आणि बाबांनी त्यांना घरी बोलावलं होतं. ‘ते स्वतः चार शब्द बोलतील चित्राबद्दल. जपानीत बोलतील, मनमोकळं. आपली सुजाता भाषांतर करेल.’ मी आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे. त्या क्षणी आम्ही सांगायला हवं होतं. पण बाबा इतके खूश होते, की आई खिरीचं दूध मोजायला लागली आणि मी सतरंज्या झटकायला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे पांढऱ्या कपड्यांत, सतरंज्यांवर दाटीवाटीने. दाराबाहेर चपलांचा ढीग आंटीच्या दारापर्यंत गेलेला. आईने मोठ्या पातेल्यात खीर केली होती, त्यात आंटीने दिलेली पांदानची सुवासिक पानं गाठ मारून टाकलेली. पुढच्या ओळीत वानखेडे काकू बसल्या होत्या. त्यांचे यजमान रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत कॉम्प्युटरचं काम करायचे. काकूंचा चाळिशीही न गाठलेला धाकटा भाऊ पुण्यात दोन महिन्यांपूर्वी वारला होता आणि यजमानांच्या इथल्या नोकरीच्या पासचं नूतनीकरण अडकल्यामुळे त्यांना जाता आलं नव्हतं. तेव्हापासून त्या कुठे यायच्या नाहीत. चित्र बघायला म्हणून आल्या. ओनिशी-सान आले, फ्रेमसमोर थांबले, खालची फुलं नि मेणबत्त्या पाहिल्या, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. पण ते हसले नाहीत. हात जोडून वाकले आणि खुर्ची नाकारून सतरंजीवर बसले.

वंदना झाली. पंचशील झालं, ‘मुसावादा वेरमणी’ म्हणताना माझा आवाज सगळ्यांबरोबर होता, खोटं बोलणार नाही असं मी चाळीस माणसांसमोर म्हटलं. मग बाबांनी ओनिशी-सानना विनंती केली. ते उठले. सावकाश, मला कळेल अशा बेताने बोलले. म्हणाले, हा एक मोठा काबुकी नट. माझ्या आजीची आजी लांबच्या बंदरगावात राहायची; लग्नाआधी तिने याची नाटकं पाहिली होती. हा मेल्याची बातमी आली तेव्हा घरचं सगळं सोडून तिला जाता येईना. दारावर आलेल्या फेरीवाल्याकडून तिने हे चित्र घेतलं. म्हणायची, यातल्या बायकांपैकी एक मीच आहे. मरेपर्यंत तिने यापुढे उदबत्ती लावली. आमच्या घरात आता काबुकीचं वेड कुणालाच नाही, उदबत्तीही कुणी लावत नाही. कांबळे-सान लावतील असं वाटलं, म्हणून दिलं. एवढं बोलून ते माझ्याकडे वळले.

सगळे माझ्याकडे बघत होते. मला सेन्सेईंचे हलणारे खांदे दिसले आणि चाळीस जण तसेच हसताहेत असं दिसलं. मी तोंड उघडलं आणि खोटं बोलले. सुरुवातीला घाबरत, मग चांगलं रंगवून. म्हटलं, हे तथागतांचं महापरिनिर्वाण, फार जुन्या परंपरेतलं. ओनिशी-सानांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होतं. आणि या बायका लांबून निघालेल्या. त्या उशिरा पोचल्या, त्यांना जिवंतपणी दर्शन झालं नाही, म्हणून इतक्या रडताहेत. हे शेवटचं मला कुठून सुचलं कोण जाणे. वानखेडे काकूंनी पदर तोंडाला लावला आणि त्या हुंदके द्यायला लागल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदा, असं त्यांचे यजमान नंतर म्हणाले. शेजारच्या बायकांनी त्यांना जवळ घेतलं. ओनिशी-सान हे बघून पुन्हा वाकले. त्यांना वाटलं, त्यांचीच गोष्ट लोकांना भिडली. मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते, पण खूश दिसत नव्हते.

खीर-पुरी झाली, लोक पांगले, बाबा ओनिशी-सानना एमआरटीच्या स्टेशनपर्यंत सोडायला गेले. दहा मिनिटांच्या रस्त्याला त्यांना तासभर लागला. परत आले, चपला नीट कडेला लावल्या आणि म्हणाले, ‘ते दोनदा काबुकी म्हणाले. तू एकदाही म्हणाली नाहीस.’

मी सतरंज्यांच्या घड्या घालत राहिले.

‘खाली बाकावर बसून मी त्यांना सगळं परत विचारलं. हातवारे करून सांगितलं त्यांनी. तुला माहीत होतं?’

‘हो. पंधरा दिवसांपासून.’

‘मग माझ्यापासून का लपवलंस?’

‘तुमच्यासाठीच, बाबा. लोक हसले असते तुम्हाला.’

‘हसले असते तर हसले असते. माझी चूक, माझ्यावर हसले असते.’ त्यांचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर मला सोपं गेलं असतं. ‘पंचशील म्हणून किती वेळ झाला होता गं?’

‘तिला बोलू नका,’ आई मोरीतून हात पुसत आली. ‘थांब म्हणून मीच सांगितलं होतं.’

बाबा खुर्चीवर बसले. त्यांना लाज वाटत होती, नटापुढे हात जोडले त्याची नव्हे, तर आपल्याच घरातल्या दोघींना आपल्याला खरं सांगायची भीती वाटली, त्याची. हे मला आज कळतं. तेव्हा मला त्यांचा रागच आला, एवढं काय, कुणाचं काय बिघडलं, असं वाटलं. थोड्या वेळाने त्यांनी फोनची डायरी काढली आणि अकरा कुटुंबांना एकेक करून फोन लावायला सुरुवात केली. मला शेजारी स्टुलावर बसवलं. ‘नमो बुद्धाय. कांबळे बोलतोय. आज आमच्याकडे जे चित्र होतं ते बुद्धांचं नाही, नाटकातल्या नटाचं आहे. मी नीट चौकशी केली नाही. भाषांतरही चुकीचं झालं. माफ करा.’ तेच शब्द, दहा वेळा. कुणी हसलं, ते मला रिसीव्हरमधून ऐकू आलं. बाबाही त्यांच्याबरोबर थोडं हसले. कुणी म्हणालं, जाऊ द्या हो. एकाने विचारलं, मग आम्ही वंदन केलं कुणाला? बाबा म्हणाले, ‘तुम्ही मनात ज्याला केलंत त्याला. मी माझ्यापुरतं बोलतोय.’

अकरावा नंबर वानखेड्यांचा. बाबांनी तो फिरवला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. ‘इथे चुकीचं झालं असं म्हणून भागणार नाही,’ ते म्हणाले. ‘त्या बाईला तू काय सांगितलंस ते तुला माहीत आहे.’

फोन काकूंनीच उचलला. आवाज रडून जड झालेला, पण मोकळा. मी म्हटलं, काकू, मी खोटं बोलले. तो बुद्ध नव्हता. त्या बायका उशिरा पोचल्या वगैरे, ते मी मनचं सांगितलं. मला वाटलं, आता ठेवतील. पण त्या म्हणाल्या, ‘मग ते साहेब खरं काय म्हणाले होते? सांग मला.’ मी सांगितलं. या वेळी सगळं, जसं ते बोलले तसं. नट, बंदरगाव, आजीची आजी, तिला जाता आलं नाही ते, दारावर घेतलेला कागद, मरेपर्यंतची उदबत्ती. चित्रावर वरती त्याचं नाव नि वय लिहिलंय, हेही सांगितलं.

काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ‘मग हेच का नाही सांगितलंस गं तेव्हा?’ त्या म्हणाल्या.

‘मला वाटलं, तुम्हाला कुणाला चालणार नाही.’

‘आम्हाला काय चालतं, ते तू ठरवलंस होय?’ काकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, ‘उद्या दुपारी येते मी. मला ते चित्र परत बघायचंय. आणि हे बघ, वरती जे काही लिहिलंय ना, ते सगळं वाचून दाखवायचं. त्याचं वयसुद्धा.’